आत्याची सायकल मुकी झाली तेव्हा

आत्याच्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. आत्याचे कान छापखान्याने खाल्लेले. त्यामुळे मीठ कुठे ठेवलंय हेसुद्धा खड्या आवाजात विचारावं लागे, आणि गळ्याला एकदा ती सवय लागली की जात नाही. भाऊ, भावजय आणि भाची आपापसातही असं बोलत की समोरच्या इमारतीत आज इथे कोणती भाजी आहे ते न विचारता कळे. भांडण झालं की मात्र सगळे गप्प बसत. म्हणून या घरात शांतता पसरली की शेजारी काळजीत पडत आणि काहीतरी मागायच्या निमित्ताने डोकावून जात.

ती तशी एकट्या भाचीची आत्या, पण छापखान्यातही सगळे तिला आत्याच म्हणत. औषधांची खोकी, चपलांचे डबे, बियाण्यांची पाकिटं छापणारं एक लांबलचक मशीन तिच्या ताब्यात होतं. त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाला लावावं लागे. कानात घालायला बोळे मिळत, नाही असं नाही. पण बोळे घातले की मशीनचा आवाज नीट कळत नाही, आणि आवाज कळला नाही तर कागद कधी दुहेरी गेला, रोलर कधी कोरडा पडला ते समजणार कसं? म्हणून आत्या बोळे खिशात ठेवी. असं मन लावून ऐकता ऐकताच तिचे कान गेले. देवाने कान दिले ते मशीनने परत घेतले, असं ती हसत सांगायची.

कान उणे होत गेले तसतसा तिचा तळहात शहाणा होत गेला. मशीनच्या कुशीवर पंजा टेकवून ती उभी राही आणि आत काय चाललंय ते तिला उमगे. कागद उचलणाऱ्या चिमट्यांची एक बारीक दुहेरी टकटक त्या मशीनला पहिल्यापासून होती. दोष नव्हता, स्वभाव होता. ती टकटक हाताला लागली की आत्याचा दिवस सुरळीत जायचा.

तोच हात सायकलवरही चाले, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. गावामागच्या टेकडीवर जायला तिने फार वर्षांपूर्वी एक जुनी डोंगरी सायकल घेतली होती. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, नुसतं हट्टी लोखंड. सुट्टीच्या दिवशी सकाळी आत्या कानातलं यंत्र काढून डबीत ठेवी, कारण उतारावर त्यात वारा शिरला की डोक्यात वादळ सुटे, आणि मग अगदी निःशब्द अशी टेकडीवर निघे. निःशब्द आपल्या दृष्टीने. तिला हँडलमधून सगळं ऐकू यायचं. ओली माती, सुकी माती, खडी, झाडाची मुळं, मागच्या चाकाची किंचित सैल झालेली तार. ओढ्यावर फळ्यांचा एक अरुंद पूल होता. दोन तुळयांवर नुसत्या टाकलेल्या फळ्या, चाक चढलं की टोकापर्यंत थरथरणाऱ्या. त्या पुलावर मागून कोणी आलं तर आत्याला आधी कळे आणि ती बाजू देई. भाची तिच्या मागोमाग आपली सायकल घेऊन जायची, तिने कितीदा विचारलं की आत्या, तुला कळतं कसं? आत्या म्हणे, पाठीला डोळे आहेत माझ्या. लपवायचं म्हणून नव्हे. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

आता भावाबद्दल सांगायला हवं. भाऊ सोफे भरायचा. फोम, स्प्रिंगा, कापूस, पट्टे यांत त्याची हयात गेली, आणि मऊपणा हे त्याच्या मते माणसाला मिळणारं सगळ्यात मोठं सुख होतं. तो लहान असताना वडील अंथरुणाला खिळले आणि आत्याने शाळा सोडून छापखाना धरला. लग्नाचा विषय निघाला तेव्हा तिने तो नको म्हणून सोडून दिला, आणि त्याबद्दल तिला कोणी उसासा टाकलेला चालत नसे. तिने भावाला वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं. एक गोष्ट तेवढी जमली नाही. सायकल शिकवताना ती सीट धरून मागे धावायची आणि तो सारखा विचारायचा, ताई, धरलंयस ना? धरलंय, धरलंय, असं म्हणत एक दिवस तिने हात सोडला. तो बराच लांब गेला, मग मागे वळून पाहिलं, ती लांब उभी दिसली आणि सरळ गटारात गेला. त्यानंतर त्याने सायकलला हात लावला नाही. घरात सायकलचा विषय निघाला की तो सोफ्यांबद्दल बोलू लागे.

आत्या निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा तिघांच्याही मनात एकच आलं की तिच्या सायकलला काहीतरी चांगलं घ्यावं. पण या घरात गुपित बोलायचं कसं? भावजयीने नवऱ्याला हळूच सांगायचा प्रयत्न केला असता तर आत्याआधी समोरच्या इमारतीला कळलं असतं. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्या कोणाला कळू न देता आपापलं ठरवलं आणि गुपचूप सायकलवाल्याकडे जाऊन आला.

सायकलवाल्याला सगळे पाना म्हणत. माणूस उंच, बारीक आणि शब्दाचा पक्का. भाऊ गेला आणि म्हणाला, ताईच्या खांद्यांना फार दणके बसतात, पुढच्या चाकाला तो आत दबणारा, हवेवर चालणारा फोर्क बसव, पण घरी कोणाला बोलू नकोस. भावजय दवाखान्यात परिचारिका, रोज लोकांची दुखरी मनगटं बघणारी. तिने हँडलसाठी जाड, गुबगुबीत ग्रिप निवडल्या आणि पान्याला बजावलं की घरी कोणाला बोलू नकोस. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या भाचीने पहिल्या पगारातून रुंद, ट्यूब नसलेले टायर घेतले, ज्यांत हवा थोडी भरली तरी चालतं, आणि तिनेही तेच बजावलं. पान्याने तिघांना होकार दिला, तिघांचं सामान बसवलं आणि तिघांपुढेही तोंड मिटून बसला.

छापखान्यात निरोपाचा समारंभ झाला त्या संध्याकाळी सायकल दारात आली तेव्हा तिच्यावर तीन फिती बांधलेल्या होत्या. तिघांनी तिकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि मग जी हसाहस झाली ती शेजाऱ्यांनाही दिलासा देणारी होती. आत्या एकेका भागावरून हात फिरवत राहिली. आपल्याला कान नाहीत, मूलबाळ नाही, पण आपल्यासाठी तीन माणसं एकमेकांना चोरून दुकानात जातात, याहून माणसाला काय हवं, असं तिला वाटलं. ती तसं म्हणालीसुद्धा. भावजयीने पदराने डोळे टिपले आणि भावाने फोर्कवर दोन्ही हातांनी भार टाकून तो किती छान दबतो ते पुन्हा पुन्हा दाखवलं.

पहिल्या सुट्टीला आत्या आणि भाची टेकडीवर गेल्या. चढाच्या सुरुवातीलाच आत्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. समोर खडी दिसत होती, पण हाताला खडी लागत नव्हती. मुळं आली, गेली. डोळ्यांना कळलं, हातांना पत्ताच नाही. कापसावर बसून चालल्यासारखं वाटत होतं. तिने हँडल घट्ट धरलं, मग सैल धरलं, बोटं उघडून मिटून पाहिली. पुलावर चढली तर फळ्यासुद्धा मुक्या. ती मधोमध पोचली आणि भाची एकदम शेजारून पुढे निघाली. तिची सावली अंगावर आली तेव्हा आत्या केवढी दचकली. पाय टेकवला म्हणून बरं, नाहीतर ओढ्यात गेली असती. भाची घाबरून परत आली आणि म्हणाली की मला वाटलं, नेहमीसारखं तुला कळलंय.

आत्या हसली. सायकल छान आहे म्हणाली. घरी आल्यावर भावालाही म्हणाली, छान आहे रे, दणका म्हणून लागत नाही. ते खरंच होतं. पण जेवताना तिचा घास तोंडात फिरत होता, कारण तिच्या मनाने एक ठरवून टाकलं होतं. बिघाड सायकलमध्ये असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. सामान नवंकोरं, महागाचं, घरच्यांनी मायेने घेतलेलं. त्यात खोट कशी निघेल? जुनं काय होतं? तिचे हात. कान गेले तसे आता हातही चालले, असं तिला वाटलं.

त्यानंतर सुट्टी आली की आत्याचा गुडघा दुखे. गुडघा बरा झाला की ऊन जास्त असे. ऊन उतरलं की कोणीतरी येणार असे आणि ते येत नसे. सायकल बोळात उभी राही आणि भावजय रोज ती पुसून लख्ख करी, म्हणजे जखमेवर मीठच. घरात थरथरणाऱ्या वस्तूला हात लावायचा आत्याला धीर होत नव्हता. मिक्सरचं झाकण दाबायला ती भावजयीला बोलावी. पाण्याचा पंप सुरू झाला की नळापासून दूर सरके. पाहिलं नाही तोवर आशा होती. पाहिलं आणि काही लागलं नाही, तर पुढची सगळी वर्षं डबीतल्या त्या यंत्राच्या भरवशावर काढायची होती, आणि ते यंत्र फार तर ताटवाटीचा खणखणाट ऐकवत होतं. या भीतीबद्दल ती कोणाशी बोलली नाही. बोलणार काय? मोठ्याने बोलावं लागलं असतं.

छापखान्यातल्या कपाटाची किल्ली तिच्याकडे राहिली होती. ती द्यायला म्हणून ती एक दिवस गेली. निदान घरी तसं सांगून गेली. फोरमनने चहा मागवला. जुन्या मैत्रिणींनी तिला मिठ्या मारल्या आणि कानाशी तोंड नेऊन सगळ्या बातम्या सांगितल्या. तिच्या जागी आलेला मशीनमन अदबीने बाजूला झाला. मशीन चालू होतं, चपलांचे डबे निघत होते. सगळ्यांना वाटलं, आत्या आता पंजा टेकवेल. आत्या पदराशी चाळा करत उभी राहिली.

तिने किल्ली दिली, निरोप घेतला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. फोरमनला वाटलं, काही विसरली. ती मशीनपाशी आली, डोळे मिटले आणि जाळात हात घालावा तसा उजवा हात मशीनच्या कुशीवर ठेवला.

टकटक. टकटक. चिमट्यांची तीच ती दुहेरी टकटक, पंज्यातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत. तिने डावा हात ठेवला. त्यालाही लागली. मग ती लोखंडाला कपाळ टेकून रडली, आणि छापखान्यात सगळ्यांना वाटलं की आत्याला नोकरीची फार आठवण येत असणार. फोरमनने तिला खुर्ची दिली. आत्या म्हणाली, खुर्ची नको, मी घरी जाते, मला एकाची खरडपट्टी काढायची आहे. कोणाची म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाली, माझीच.

वाटेत मात्र तिच्या लक्षात आलं की सुटका अर्धीच झाली. हात शाबूत, म्हणजे मुकी सायकल. आणि सायकल मुकी कोणी केली? ज्यांनी तिच्यासाठी चोरून फिती बांधल्या, त्यांनीच. आता तोंड उघडलं तर तिघांचा विरस, आणि मिटून ठेवलं तर टेकडी कायमची गेली. ती भाचीच्या पहिल्या पगाराचा विचार करत चौकात उभी राहिली आणि एका रिक्षावाल्याने तिच्या नावाने हॉर्न वाजवला तो तिला कळलाही नाही.

रात्रीची ताटं वाढून झाल्यावर तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाली, "तुमचं सामान मला फार आवडलंय. आधी ते ऐकून घ्या, मग पुढचं ऐका. मला सायकल ऐकू येत नाही."

कोणालाच काही कळलं नाही. भावजयीला वाटलं, यंत्राची बॅटरी संपली. तेव्हा आत्याने दोन्ही पंजे ताटाजवळ उताणे ठेवले आणि आजवर सांगण्यासारखं वाटलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मशीन, खडी, मुळं, पूल, दचकणं, मिक्सरचं झाकण आणि आज छापखान्यात काय झालं ते. सांगून झालं तेव्हा त्या घरात अशी शांतता पसरली की समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली.

"म्हणजे पुलावर तू मला हातांनी ऐकायचीस," भाची म्हणाली.

भाऊ ताटाकडे बघत होता. आत्याला वाटलं, दुखावला. पण तो आपल्या धंद्यातून विचार करत होता. मग त्याने कपाळावर हात मारला. सोफ्याला आधी स्प्रिंग असते, तिच्यावर फोम, फोमवर कापूस, तो म्हणाला, आणि भरणारे तिघे असतील तर एकमेकांना विचारून भरतात. न विचारता तिघांनी भरलं तर माणूस आत बुडतो आणि हाका मारत बसतो. एका भाजीत तिघांनी मीठ घातलं, असं भावजयीने त्याचं भाषांतर केलं. आणि मग भांडण लागलं. ते मात्र मोठ्याने, कारण ते खरं भांडणच नव्हतं. ग्रिप आणल्या मी, तेव्हा त्याच काढायच्या, असं भावजय म्हणे. टायर माझे, ते काढा, असं भाची म्हणे. भाऊ म्हणे, सगळ्यात मोठा गाढव मी, फोर्क काढा. आपलीच भेट परत घ्या म्हणून तीन माणसं हमरीतुमरीवर आलेली आत्याने पहिल्यांदा पाहिली. यंत्र कानात होतं म्हणून तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौघं पान्याच्या दुकानात धडकली. तिघांचं सामान एकाच सायकलवर चढतंय हे तुला दिसत होतं, मग बोलला का नाहीस, असं भावाने त्याला खडसावलं.

"तिघांनी गप्प बस म्हणून सांगितलं," पाना म्हणाला. "मी बसलो."

पान्याने सायकल उलटी केली आणि सांगितलं की वाईट यातलं काहीच नाही. पण सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही. एक बदलायचं, चालवून यायचं, मग दुसऱ्याला हात घालायचा. त्याप्रमाणे आधी गुबगुबीत ग्रिप निघाल्या आणि पातळ रबरी चढल्या. आत्या दुकानासमोरच्या खडबडीत गल्लीत फेरी मारून आली आणि म्हणाली, कुजबुज सुरू झाली. मग टायरमध्ये हवा वाढवली. ती म्हणाली, आता बोलतेय, पण तोंडात घास घेऊन. मग पान्याने छोटा पंप लावून फोर्क ताठ केला, थोडा, आणखी थोडा, आणि आत्या प्रत्येक वेळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत राहिली. भाऊ कठड्यावर बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. शेवटच्या फेरीला गटाराच्या झाकणावरून सायकल गेली आणि आत्याचा चेहरा फुलला.

"आता ऐकू येतंय," ती म्हणाली. "आणि खांद्याला लागतही नाही. दणका गेला, बातमी तेवढी राहिली."

म्हणजे जुन्यापेक्षाही बरं झालं होतं. फोर्क राहिला, टायर राहिले. ग्रिप तेवढ्या भावाच्या हातोडीच्या दांड्यावर गेल्या, आणि त्या दिवसापासून खिळे ठोकताना हात दुखत नाही असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. भावजय त्यामुळे इतकी खूश झाली की ग्रिप आपण मुळात त्याच्यासाठीच घेतल्या होत्या असं तिला वाटायला लागलं.

पुढच्या सुट्टीला आत्या गुडघ्याचं नाव न काढता उठली. भाची म्हणाली, तू हो पुढे, मी आलेच मागून. आत्याने यंत्र डबीत ठेवलं आणि निघाली. खडीवर खडी बोलली, मुळांवर मुळं बोलली. मागच्या चाकाची तार अजून सैल होती, ती कोणी आवळली नव्हती याचाही तिला आनंद झाला. आपल्याला हे परत मिळालं, आणि मिळवून द्यायला घरचे सगळे आपापली भेट सोडायला निघाले होते, हे आठवत ती चढ न थांबता चढून गेली.

पुलावर ती सावकाश चढली. मधोमध आल्यावर फळ्या हलक्याशा थरथरल्या. बारीक, सरळ, नेमकी थरथर. ही भाची. आत्या ओठांत हसली आणि बाजू द्यायला कडेला झाली. पण भाची पुढे आली नाही, आणि तेवढ्यात हँडलमध्ये दुसरंच काहीतरी शिरलं. जड, डगमगतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्येच थांबतंय आणि पुन्हा सुरू होतंय. एखाद्याने सोफा चाकांवर घालून पुलावर ढकलावा तसं.

घरातलं गुपित या वेळी खरोखर टिकलं होतं. भाचीने पान्याकडून सायकल मागून आणली होती, भावजयीने बापलेकीला आठवडाभर रोज पहाटे मैदानावर सरावाला पिटाळलं होतं, आणि पाना अर्थातच गप्प बसला होता. कोणाच्या तोंडून चकार शब्द बाहेर पडला नव्हता. फळ्यांनी तेवढं सगळं सांगून टाकलं.

आपण मागे वळून पाहिलं तर भाऊ नक्की ओढ्यात जाईल, हे आत्याला ठाऊक होतं. तो आत्ता काय विचारत असेल तेही तिला ठाऊक होतं, ऐकू येण्याची गरज नव्हती. तिने हँडलवरची पकड घट्ट केली, नजर समोर ठेवली आणि टेकडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "धरलंय रे. ये तू."

थरथर क्षणभर थांबली. मग ती सरळ झाली आणि फळी फळी करत तिच्या दिशेने येऊ लागली.